‘नक्की ना?’ या प्रश्नाला मी उत्तर का देत नाही

प्रिय,

काल रात्री साडेअकरा ते पाऊण एवढ्या वेळात तुझे नऊ मेसेज आले. सगळ्यांत प्रश्न एकच: “मावशी, मी कुणाला ढकलणार नाही ना?” पहिल्याला मी लिहिलं, “नाही रे बाळा.” दुसऱ्यालाही लिहिलं. तिसरा आला तेव्हा काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं आणि मी फोन उपडा ठेवून दिला. तुला वाटलं असेल, मावशी कंटाळली, नाहीतर घाबरली. तसं काही नव्हतं. मलाही उशिरापर्यंत झोप लागली नाही. पण तिसरं उत्तर दिलं असतं तर तुला चौथं लागलं असतं, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या आईने तुला एवढंच सांगितलंय की मावशीलाही मागे “टेन्शनचा त्रास” होता. त्या त्रासाचं नाव ओसीडी: नकोसा विचार पुन्हा पुन्हा येतो आणि तो शमवायला माणूस तीच तीच कृती, म्हणजे विधी, करत राहतो. माझ्या सासूबाई त्याला मंत्रचळ म्हणायच्या. मराठीतला तो जुना शब्द आहे. १९९१ साली मी बँकेत कॅशियर म्हणून लागले. आमच्या शाखेत तेव्हा नोटा मोजायचं मशीन नव्हतं. प्लॅस्टिकच्या डबीत ओला स्पंज असायचा, त्याला बोट लावायचं आणि गड्डी मोजायची. पहिली चार-पाच वर्षं बरी गेली. मग एक दिवस एका आजोबांना पेन्शन दिली, ते दाराबाहेर पडले आणि माझ्या मनात आलं, एक नोट कमी गेली असेल तर? त्यांची औषधं अडली तर? संध्याकाळी कॅश पैशापैशाला जुळली. तरी मन मानेना. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक गड्डी दोनदा मोजू लागले, मग चारदा. बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडायची, रांग दारापर्यंत जायची.

मग ते घरी आलं. गॅसचं बटण, गिझर आणि दाराचं कुलूप. नौपाड्यातल्या घरातून निघून गोखले रोडपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. कुलूप लावून ते ओढून बघायचे, दहादा, वीसदा. एका सकाळी ओढता ओढता कोयंडाच निखळून हातात आला. जुनं दार, सागाचं, भोकातून भुसा गळत होता. घर बंद आहे याची खात्री करता करता मी ते खरोखरच उघडं केलं होतं. त्या पायरीवर बसून मी रडले ते अजून आठवतं. सुतार येईपर्यंत कामावर जाता आलं नाही.

आता तुझं. तू ठाणे स्टेशनात दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर ऐरोलीच्या गाडीसाठी उभा असतोस. गाडी आत शिरताना मनात येतं, पुढच्या माणसाला ढकललं तर? लगेच तू मागे सरतोस, पाठ खांबाला टेकवतोस, बॅगेचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरतोस. तीन-तीन गाड्या सोडतोस. ऑफिसात उशीर झाला की सिग्नलचं कारण सांगतोस. आणि रात्री स्वतःला विचारत बसतोस, ज्याच्या डोक्यात असं येतं तो माणूस कसा असेल?

यावर एक गोष्ट सांगते, ती एकदाच. १९७८ साली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा या लंडनमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात नकोसे, भलतेसलते विचार घुसतात का? बहुतेकांनी हो म्हटलं. कुणाला तरी इजा करण्याचे, गाडीखाली ढकलण्यासारखे, अगदी तुझ्यासारखेच. विचारांच्या मजकुरात रुग्ण आणि इतर लोक यांच्यात फारसा फरक निघाला नाही. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती छळतो आणि तो घालवायला माणूस किती धडपडतो यात. हा परिच्छेद आता पुन्हा वाचू नकोस. धीर यावा म्हणून दहा वेळा वाचलास तर हाही कुलूप ओढण्यातलाच प्रकार होईल.

तू म्हणालास, “मी रोज चाळीस मिनिटं माइंडफुलनेस करतो, ॲप लावून, तरी विचार थांबत नाहीत. मला जमतच नाही.” हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण मीही याच खड्ड्यात दोन वर्षं काढली आहेत. एका शिबिरात मला सांगितलं होतं, वाईट विचार आला की मनगटावरचं रबर बँड ताणून सोडा. मनगट लाल व्हायचं, विचार तिथेच. कुणी म्हणालं, रामरक्षा म्हण. लहानपणापासून पाठ होती, आवडायचीही. पण एखादा उच्चार चुकल्यासारखा वाटला की मी पहिल्यापासून सुरुवात करायची. पुढे एकांनी श्वास मोजायला शिकवलं, एकवीसपर्यंत. चौदाव्याला लक्ष उडालं की पुन्हा एक. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मी श्वास मोजत बसलेली असायचे. कुलपाचं जे झालं तेच श्वासाचं झालं. शिकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता; मी ते कशासाठी वापरतेय हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही कळलं नव्हतं.

म्हणून तुला विचारते. चाळीस मिनिटं बसून झाल्यावर तू पहिलं काय बघतोस? “गेला का विचार? कमी झाली का छातीतली धडधड?” हेच ना? मग तू ध्यान करत नव्हतास, तपासत होतास. सजगता, म्हणजे तुझं माइंडफुलनेस, विचार पुसायचं फडकं म्हणून वापरली की ओसीडी ती खुशाल आपल्या कामाला लावतो. तो हुशार आहे, जे हाताला लागेल त्याचा विधी करतो.

सजगता म्हणजे काय, हे मला उशिरा कळलं आणि तेही एका कंटाळवाण्या दुपारी, काउंटरवर. गड्डी एकदा मोजून दिली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसऱ्यांदा मोजायची नाही, आणि मोजावंसं वाटणं बंद व्हायची वाटही बघायची नाही. मी स्पंजवर बोट ठेवलं आणि नुसती बसून राहिले. घशात आवंढा, कानशिलं गरम, बोटांना ओढ. “एक नोट कमी गेली असेल” हा विचार होता. पंख्याचा आवाज होता. पुढच्या बाईंच्या पासबुकाचा कोपरा दुमडलेला होता. हे सगळं एकत्रच होतं, आणि त्या विचाराशी मी भांडत नव्हते. मी त्या बाईंचं पासबुक घेतलं. काही सुटल्यासारखं, मोकळं झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही. घरी जाईपर्यंत पोटात गोळा होता. पण काम पुढे गेलं होतं.

प्लॅटफॉर्मवरही एवढंच करायचं आहे. विचार आला की मनात नोंद कर: “ढकलीन असा विचार आला.” “मी तसा नाही” हे जोडू नकोस, ते लगेच वादाला तोंड फोडतं. तळव्यांचा घाम, पोटऱ्यांतला ताण, काय आहे ते बघ. डोळे उघडे असू देत. इंडिकेटरवर काय लिहिलंय, वडापावचा वास, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, तेही कानाडोळा न करता असू दे. मात्र लक्ष दुसरीकडे वळवायला त्यांचा आधार घेऊ नकोस. विचाराशेजारी तेही आहेत एवढंच. आणि भीती ओसरतेय का हे मोजू नकोस. कधी दिघ्यापर्यंत ओसरेल, कधी ऐरोलीला उतरतानाही तशीच असेल. तिला बरोबर घेऊन ऑफिसात जायचं.

ॲप बंद कर असं मी म्हणत नाही. चाळीसची दहा मिनिटं कर. मध्ये लक्ष उडालं तर उडालं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. बाकीचा सराव भांडी घासताना, आंघोळीच्या पाण्याखाली, रिक्षाच्या रांगेत होतो.

एका गोष्टीत मात्र माझं अनेकांशी पटत नाही. लोक सांगतात, “कुलूप अगदी सजगपणे लावा, किल्ली फिरल्याचा आवाज ऐका, मग आठवेल आणि शंका येणार नाही.” ज्याला हा आजार नाही त्याने तसं जरूर करावं. आपण केलं की आपण आवाज नीट ऐकला का, हे तपासायला लागतो. व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांचा २००३ सालचा एक प्रयोग आहे: कॉम्प्युटरवर गॅसची शेगडी दाखवून लोकांना बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. काय केलं हे त्यांना बरोबर आठवत होतं, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र घटला. मोजणं वाढलं तशी माझी खात्री का घटत गेली, ते हे वाचून मला कळलं. मी आज कुलूप चारचौघांसारखं लावते, एकदा ओढते, शंका आली तर तिच्यासकट जिना उतरते.

हे सगळं पत्रावरून शिकायचं नाही, डॉक्टर आणि थेरपिस्टबरोबरच करायचं. उपचाराचं नाव ईआरपी: ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नंतरचा विधी करायचा नाही. १९६६ साली लंडनला व्हिक्टर मायर यांनी पहिल्यांदा हे मांडलं. हात धुण्याच्या विधीत अडकलेल्या पेशंटच्या खोलीतला नळ त्यांनी बंद करून ठेवला होता. आता इतकं कडक कुणी वागत नाही, पायऱ्या ठरवून घेतात. सजगता त्या पायऱ्यांवर उभं राहायला मदत करते, पायऱ्यांची जागा घेत नाही.

औषधाबद्दल तू विचारलंस. मला तेव्हा क्लोमिप्रामिन दिलं होतं, तोंड इतकं कोरडं पडायचं की काउंटरवर पाण्याचा तांब्या लागायचा. आता बहुधा आधी एसएसआरआय गटातल्या गोळ्या देतात. ओसीडीत त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात “काही उपयोग नाही” म्हणून सोडू नकोस, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंदही करू नकोस.

लाज मात्र सोड. आपण ठाणेकर हे जास्त सोसतो. १९०१ पासून मनोरुग्णालय आपल्या गावात आहे, आणि “याला ठाण्याला न्या” हे आख्खा महाराष्ट्र हसत हसत म्हणतो. मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तलावपाळीला दोन फेऱ्या मारून मग जिना चढले होते. त्याच ठाण्यात १९९० पासून मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था आहे. हजारो माणसं आपल्या पायांनी तिथे जातात, आणि परतताना भाजी घेऊन घरी जातात. तूही जा.

आईला सांगितलंय मी. तू “नक्की ना?” विचारलंस की ती म्हणेल, “हा ओसीडीचा प्रश्न आहे ना, मग याचं उत्तर नको.” पहिल्यांदा तुला राग येईल. तिला त्याहून जड जाणार आहे. आईला पोराला धीर न देणं किती कठीण जातं ते तू बघशील. तिच्यावर चिडू नकोस.

एक अपवाद. जगणंच नको वाटायला लागलं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर तो प्रश्न वेगळा. तेव्हा रात्री तीनलाही फोन कर, मी उचलेन. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, तो आत्ताच सेव्ह करून ठेव.

तुझ्या थेरपिस्टशी बोलून पहिली पायरी ठरव. त्या हो म्हणाल्या तर शनिवारी सकाळी सव्वासातला मी स्टेशनबाहेरच्या सॅटीस पुलाच्या जिन्याशी उभी असेन. गर्दी कमी असते. दहा नंबरवर जाऊ, खांब सोडून इतर लोक उभे राहतात तिथे उभे राहू आणि पहिली येईल ती गाडी पकडू, ऐरोलीपर्यंत. वाटेत तू मला विचारशीलच. मी म्हणेन, “उतरल्यावर चहा कुठे चांगला मिळतो रे?” तेवढं शोधून ठेव.

तुझी,
मावशी