आधी दोन भाकरी, मग पोल

(वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न: ताई, नमस्कार. मी अमळनेरची, वय २९. सहा महिन्यांपूर्वी मोबाईलवर पोल डान्सचे, म्हणजे धातूच्या उभ्या खांबावरच्या नाचाचे, व्हिडिओ बघितले आणि वेडच लागलं, मिस्टरांना सांगून ऑनलाईन पोल मागवला, फरशी आणि स्लॅबच्या मधे दाबून बसतो तो, हॉलमधे लावलाय. रोज संध्याकाळी एक तास करते, एकही सुट्टी नाही. सोबत डाएट पण सुरू केलं, सकाळी ग्रीन टी आणि पपई, दुपारी काकडी-गाजराची कोशिंबीर, रात्री एक फुलका आणि भाजी. वजन ५८ वरून ५३ वर आलं. पण आता आधी जेवढं चढता यायचं तेवढं पण येत नाहीये, हात सुटतात, उलटं व्हायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी येते, मागच्या आठवड्यात खांद्यावर पडले. मांड्यांवर काळेनिळे डाग आहेत. दोन महिने पाळी पण आली नाहीये. सासूबाई म्हणतात, "हाई काय खूळ शे वं माय, उतर खाले." इथे क्लास नाही. पोल बदलू का? ग्रिपची चांगली क्रीम कोणती?

उत्तर: पोल बदलू नको, क्रीमचं नंतर बघू. तू जेवत नाहीयेस गं, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, बाकीचं त्याच्या मागून आलंय.

तू दिवसभराचं लिहिलंयस ते सगळं धरून पाच-सहाशे कॅलरीच्या वर जात असेल असं मला वाटत नाही. एवढ्यात घरातलं काम पण होत नाही, आणि तू त्यावर स्वतःचं ५३ किलोचं शरीर दोन हातांनी वर ओढतेयस, ते पण रोज! पाच किलो कमी झाले त्यात चरबी गेली असेल पण खांद्याचं, पाठीचं, दंडाचं मांस पण गेलंय, म्हणून तर वजन हलकं होऊनही चढणं जड झालं. अंधारी येते ती पण उपाशीपणाची असू शकते नाहीतर रक्त कमी असल्याची. आणि पाळी. खाणं कमी आणि मेहनत जास्त असं बरेच दिवस चाललं की शरीर पाळीचा खर्च बंद करतं, खेळाडू मुलींमधे हे नेहमी दिसतं, हाडं पण त्यात ठिसूळ व्हायला लागतात. पण मी पत्र वाचून ठरवू शकत नाही. आधी घरीच प्रेग्नन्सी टेस्ट कर, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात. खांदा पण दाखव, हात डोक्यावर नेताना कळ येत असेल तर नक्कीच. हे होईपर्यंत उलटं लटकणं पूर्ण बंद, एकदम बंद, यात मी काही सूट देणार नाही.

आता ताटाकडे येऊ. आपण खान्देशातल्या बायका फिटनेस म्हटलं की पहिली भाकरी सोडतो आणि कोणीतरी शहरात बसून सांगितलेली सॅलड खायला लागतो, मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कळण्याची भाकरी म्हणजे काय चीज आहे बघ. चार भाग ज्वारी, एक भाग उडीद असं दळलं तर १०० ग्रॅम पिठात साधारण १२-१३ ग्रॅम प्रोटीन येतं, शिवाय धान्य आणि डाळ एकत्र आल्यामुळे एकात जे कमी ते दुसऱ्यातून मिळतं. आपल्या आज्यांनी हे पुस्तक वाचून केलं नव्हतं, शेतात दिवसभर वाकून काम करायचं होतं म्हणून केलं होतं.

नुसतं बसून काम करणाऱ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं (एनआयएन) २०२० चं प्रमाण आहे, पण असा ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतं. म्हणजे तुला ६४ ते ८५. घाबरू नको, पावडरचा डबा घ्यायची गरज नाही. दोन अंडी १२, कळण्याच्या दोन भाकऱ्या १६, वाटीभर घट्ट वरण ८, मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ ८, मूठभर शेंगदाणे ७, मोठा ग्लास दूध ८, वाटीभर दही ५, झाले ६४. अंडी खात नसशील तर ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत टाक, त्यातच १५ मिळतात. भरीत खा की, जळगावजवळच्या आसोद्याची वांगी मिळाली तर काय सांगावं, फक्त वर तेलाची धार थोडी कमी. जेवणात लिंबू पिळ, आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नको, लोह अंगी लागत नाही. वजन अजून उतरवायचं असेल तर ते पाळी सुरळीत झाल्यावर, महिन्याला एक-दीड किलोच्या बेताने, आत्ता अजिबात नाही.

पोलच्या आधी काय खायचं हे पण महत्त्वाचं आहे कारण पोटावर पोल दाबला जातो आणि डोकं खाली जातं. पूर्ण जेवण दोन-अडीच तास आधी. अर्धा-पाऊण तास आधी एक केळं, जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याला नाही म्हणू नको, त्यातली साखर पटकन कामाला येते आणि पोट जड होत नाही. शेवभाजी किंवा ठेचा खाऊन उलटं झालीस तर तिखट घशाशी येईल, ते प्रॅक्टिस झाल्यावर खा, नंतर खायला काहीच हरकत नाही.

रोज करू नको. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. स्नायू ताकदवान होतो तो विश्रांतीत, आणि कातडी पण सावरते. डाग पडतात ते पडणारच, मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, पावलावर, पोल कातडीला चिमटा काढतो त्याचे आहेत ते, सरावाने कमी होतात. पण पोल न लागलेल्या जागी पण डाग येत असतील किंवा दोन आठवड्यांनीही जात नसतील तर रक्त तपासताना डॉक्टरांना तेही सांग.

डॉक्टरांनी हो म्हटलं की पुढचे दोन महिने उलटं न होता कर. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं मनगटं, खांदे, कंबर मोकळी करायची. मग पोलला धरून नुसतं लटकणं, लटकलेलं असताना खांदे कानापासून खाली ओढणं, पोलवर बसणं, सावकाश चढणं आणि तितकंच सावकाश उतरणं, प्लँक, पुशअप गुडघे टेकून का होईना. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी, आपण सगळे उजवीकडूनच करतो आणि मग पाठ एका बाजूला भरते. उलटं व्हायचं ते उडी मारून पाय फेकून कधीच नाही, पाय पोटाच्या जोरावर सावकाश वर जात असतील तरच तुझी तयारी झाली असं समज, आणि पहिली काही वेळा शेजारी शिकवणारं माणूस पाहिजेच. पुणे-मुंबईत स्टुडिओ आहेत, महिन्यातून एकदा जाता येत असेल तर जा, नाहीतर समोरून बघून चूक सांगणारा लाईव्ह क्लास घे. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ तुझा खांदा कुठे चुकतोय ते बघू शकत नाही.

घराचं पण बघ. पोल पीओपीच्या खाली नको, पक्क्या स्लॅबखाली आणि जमलं तर बीमखाली. पत्र्याच्या खोलीत किंवा जुन्या धाब्याच्या घरात दाबून बसवायचा पोल लावायचाच नाही, माती सरकते, पत्रा वाकतो. ओळंबा लावून सरळ आहे का बघ, प्रत्येक वेळी चढायच्या आधी हलवून बघ. चारही बाजूंना दीड मीटर तरी मोकळं पाहिजे, आणि आपल्या हॉलमधे पंखा बरोबर मधोमध असतो, त्याचा हिशोब केलायस ना? खाली जाड क्रॅश मॅट (पडलं तर झेलणारी गादी) पाहिजे, सतरंजी आणि योगा मॅट पुरत नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, गळ्यातलं काढून ठेव, पोलवर ओरखडे पडतात आणि बोट अडकलं तर फार वाईट होतं.

आता ग्रिप. त्या दिवशी अंगाला खोबरेल, लोशन काही नको. पोल स्पिरिटने पुसून घ्यायचा. हाताला घाम येत असेल तर जिममधे वापरतात तो चॉक पुरे. आणि एक गोष्ट जी बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही, कूलर बंद ठेव! आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा ४४-४५ ला जातो, आपण कूलर लावतो, खोलीत ओल भरते आणि पोल साबणासारखा होतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला पंखा लावून कर आणि ताक पी. थंडीत उलट होतं, पोल गार असला की कातडी चिकटत नाही, हाताने चोळून आधी कोमट कर. नकली कानातल्याने कान चिघळत असेल तर तुला निकेल सोसत नाही, क्रोमच्या पोलने पण खाज येऊ शकते, तेव्हा स्टेनलेस स्टीलचा बघ.

राहिल्या सासूबाई. त्यांना विचार, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निंबाच्या झोक्यावर उभं राहून तुम्ही किती उंच जायच्या? मी शाळेत असताना दोरीच्या मल्लखांबावर होते, तेव्हा माझ्या आजीची पण हीच काळजी होती आणि ती खोटी नव्हती, तिला माझ्या पडण्याची भीती होती. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला हे आपल्याला माहीत असतं, खांबाला अंगाने धरून वर जाणं ही आपल्याला नवीन गोष्ट नाहीच. फरक एवढाच की तिथे लाकूड आणि एरंडेल, इथे धातू आणि कोरडी कातडी. कपडे तोकडे का, तर कापड पोलवरून घसरतं, मांडी आणि गुडघ्याची मागची बाजू धरते. दार लावून कर, सुरुवातीची उभ्याने करायची फिरकी लेगिंगवर पण होते. पोल डान्स परदेशातल्या क्लबमधे वाढला हे त्यांना कोणी सांगितलं तर नाकारू नको, त्या नाचणाऱ्या बायकांनीच यातल्या कितीतरी गोष्टी घडवल्यात आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. आज त्याचाच खेळ पण झालाय, २००९ मधे आंतरराष्ट्रीय फेडरेशन झालं, २०१७ मधे जागतिक क्रीडा संघटनांच्या महासंघाने त्याला निरीक्षक दर्जा दिला. पण मला वाटतं सासूबाईंना यातलं काही ऐकवण्यापेक्षा त्यांच्या हातच्या दोन भाकऱ्या त्यांच्यासमोर बसून खा. सून वाळत चाललीय हे त्यांना दिसतंय, अर्धा राग त्याचा असेल.

प्रश्न: ताई, मी धुळ्याचा. मुलगी अकरावीत आहे, तिला पोल शिकायचाय. बाजारातला महाग पडतो. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप स्लॅबला वेल्डिंग-नटबोल्ट करून बसवला तर चालेल का?

उत्तर: नाही दादा. मुलीला हो म्हणताय याचा आनंद आहे, पण तो पाईप नको. खेळाचा पोल ४५ मिलिमीटरचा असतो, हातात बरोबर बसतो, पाण्याच्या पाईपचं माप नेमकं तेवढं मिळत नाही, जस्ताचा थर खरखरीत असतो, कातडी सोलते. आणि फिरताना नुसतं वजन खाली येत नाही, बाजूला झटका बसतो, तो वरची पकड आणि स्लॅबमधला बोल्ट दरवेळी हलवतो, आज घट्ट दिसतो आणि चार महिन्यांनी सैल होतो. जिन्याच्या खांबावर तर करूच देऊ नका. पैसे साठेपर्यंत तिला जवळच्या व्यायामशाळेत मल्लखांबाला घाला, दोरी असेल तर अजून उत्तम, वर्षभरात अशी पकड येईल की पोलवर ती दुसऱ्यांच्या पुढे असेल. आणि अकरावीची मुलगी वाढीची आहे, तिला डाएट हा शब्द ऐकवू नका, डब्यात दोन पोळ्या जास्त द्या, सोबत गूळ-शेंगदाणे.

प्रश्न: ताई, मी शहाद्याची, दोन वर्षं पोल करते. श्रावणात सोमवार असतात आणि आमच्याकडे कानबाई (खान्देशातली देवी) बसते, तिच्या प्रसादाचे रोट घरातच संपवावे लागतात. प्रॅक्टिस कशी जमवू, रोटाने वजन वाढेल का?

उत्तर: कानबाईचे रोट प्रेमाने खा, गहू आणि हरभऱ्याची डाळच आहे ती, दोन-चार दिवसांनी कोणाचं शरीर बिघडत नाही. सोमवारी निरंकार उपास असेल तर त्या दिवशी पोलला हात लावू नको. फराळ करणार असशील तर साबुदाण्यावर सगळं ढकलू नको, त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, दूध, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा घे आणि फक्त अंग मोकळं करायचे व्यायाम कर. कानबाईच्या रविवारी रात्रभर जागरण होतं, सोमवारी विसर्जनाला नाचत जाता, पाय आणि झोप दोन्ही संपलेलं असतं, म्हणून मंगळवार पण सोडून दे. बुधवारी सकाळी केळं खाऊन, पोल पुसून, आधी खाली उभ्याने सुरू कर.