त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये आहे का, की कॉन्स्टंटाइन बादशहाने तो नंतर लादला?

तुम्ही विचारलंय की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, म्हणजेच त्रैक्य, हे बायबलमध्ये लिहिलंय का, की ३२५ साली रोमन बादशहाने मतदान घेऊन ठरवलं. आणि हे आपल्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच आहे का. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले, बरीच वर्षं शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या वर्गात) मुलांना शिकवते. हा प्रश्न मला माझ्याच वर्गातल्या मुलांनी अनेकदा विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. आमच्यातलेच काही जण हे कबूल करायला कचरतात, म्हणून आधी सांगून टाकते. 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत' असं योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) काही जुन्या भाषांतरांत सापडतं, पण सुरुवातीच्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ते शब्द नाहीत. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा ते गाळले होते, टीका झाल्यावर १५२२च्या आवृत्तीत घातले. त्या ओळीवर कुणी त्रैक्य उभं करत असेल तर त्याला थांबवावं.

मग हे आलं कुठून? गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी बाळाला डाव्या हातावर घेतलं, उजव्या ओंजळीतून कपाळावर तीनदा पाणी सोडलं. "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने." तिसऱ्या वेळी बाळ दचकून जागं झालं. पाणी तीनदा, नाव घेतलं तेही तिघांचं, पण शब्द 'नावाने', 'नावांनी' नाही. मत्तयाच्या २८व्या अध्यायातल्या मूळ ग्रीक वाक्यातही 'नाव' एकवचनीच आहे. 'डिडाखे' ही मंडळीच्या (चर्चच्या) अगदी सुरुवातीच्या काळातली छोटी पुस्तिका, तिच्यातही सांगितलंय की वाहतं किंवा दुसरं पुरेसं पाणी नसेल तर याच तिघांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. म्हणजे सिद्धांताचा कागद लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी लोक हे करत होते.

आणि हे करणारे पहिले लोक यहुदी होते, हे लक्षात घ्या. 'परमेश्वर एकच' ही बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातली ओळ ते सकाळ-संध्याकाळ म्हणत. दुसऱ्या कुणाला देव म्हणण्यापेक्षा मरण पत्करणारी ही माणसं. तरी येशूच्या मरणानंतर पंचवीसेक वर्षांतच प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की आपल्याला एकच देव, पिता, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त. त्याने तीच रोजची प्रार्थना घेतली आणि तिच्या आत येशूला बसवलं. दुसरा देव शेजारी उभा केला नाही. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. तो त्यांच्यातला नव्हता, म्हणून मला ही साक्ष मोलाची वाटते.

देव एकच, आणि आपण येशूची आराधना करतो. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने कशा म्हणायच्या? सगळी धडपड या एका अडचणीतून सुरू झाली. इ.स. १८०च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप थिओफिलस 'त्रिआस' हा ग्रीक शब्द वापरतो, पण देव, त्याचा शब्द आणि त्याचं ज्ञान अशा तिघांसाठी. पुढे आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेजचा तर्तुलियन लॅटिनमध्ये 'त्रिनितास' म्हणतो आणि 'तत्त्व एक, व्यक्ती तीन' ही मांडणी करतो. मराठीत 'व्यक्ती' म्हटलं की तीन वेगवेगळी माणसं डोळ्यांपुढे येतात, तिथेच आपला गोंधळ सुरू होतो. लॅटिन 'पर्सोना'चा अर्थ तेवढा घट्ट नव्हता.

आता ३२५ साल. अलेक्झांड्रियात एरियस नावाचा एक वडीलधारा धर्मगुरू होता. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, सगळ्यांहून श्रेष्ठ, पण निर्माण केलेला, आणि 'तो नव्हता अशीही वेळ होती', असं तो शिकवे. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणत, तशी त्याने दळणाऱ्यांसाठी, खलाशांसाठी आणि वाटसरूंसाठी गाणी रचली होती. मत असं घरोघरी पोचलं. भांडण वाढलं तेव्हा कॉन्स्टंटाइनने निकिया (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) इथे बिशपांना बोलावलं. परंपरा ३१८ बिशपांचा आकडा सांगते. बोलावणं आणि खर्च बादशहाचा, हे खरं. पण ठरलं काय? पुत्र 'पित्याशी एकतत्त्व' आहे एवढंच. ग्रीक शब्द 'होमोऊसिओस'. हा शब्दही बायबलमध्ये नाही, आणि त्यामुळे तिथल्या पुष्कळ बिशपांनाही तो टोचत होता. तरी शेवटी सही नाकारणारे बिशप दोनच उरले. पवित्र आत्म्याबद्दल निकियाच्या मूळ मतांगीकारात (विश्वासाच्या जाहीर कबुलीत) 'आणि पवित्र आत्म्यावर' इतकेच शब्द आहेत. पूर्ण त्रैक्य तिथे मांडलेलंच नाही. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हेही तिथे ठरलं नाही.

बादशहाने लादलं म्हणावं, तर पुढची हकीकत उलटीच आहे. काही वर्षांत कॉन्स्टंटाइनने एरियसला परत बोलावलं आणि निकियाची बाजू लढवणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसला ३३५ साली हद्दपार केलं. ३३७ साली मरणशय्येवर त्याला बाप्तिस्मा दिला तो एरियसकडे झुकलेल्या बिशपाने. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस उघडपणे निकियाच्या विरोधात होता. अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, सुमारे सतरा वर्षं त्याने परमुलुखात काढली. पुढे बादशहा थिओडोसियसने ३८० साली हुकूम काढून राजसत्ता निकियाच्या बाजूने उभी केली, तेही मी लपवत नाही. पण मधली पन्नास-पंचावन्न वर्षं, बहुतेक काळ, दरबार दुसऱ्या बाजूला होता.

त्या काळचं एक चित्र मला फार आवडतं. निस्साचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलबद्दल (आजचं इस्तंबूल) सांगतो की सुटे पैसे मागावेत तर समोरचा 'जन्मलेला' आणि 'अजन्मा' यावर बोलू लागतो. पावाची किंमत विचारावी तर उत्तर येतं, पिता मोठा, पुत्र लहान. तो वैतागून लिहितोय. मला मात्र त्यात दिसतं की हा वाद बिशपांच्या दालनापुरता नव्हता, लोक त्यात जीव गुंतवून होते. त्याचा थोरला भाऊ बेसिल याने पवित्र आत्म्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तोही 'पित्याला गौरव' या प्रार्थनेत कोणतं शब्दयोगी अव्यय वापरायचं यावरून! 'पुत्राद्वारे, आत्म्यामध्ये' की 'पुत्रासह, आत्म्यासह'. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने मग मतांगीकारात भर घातली, की पिता व पुत्र यांच्यासह आत्म्याचीही आराधना होते. आम्ही आज म्हणतो तो हाच.

तुमचा शेवटचा प्रश्न. त्रिमूर्तीशी तुलना मी करत नाही. उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी त्रैक्यात नाही. निर्मितीही तिघांची, तारणही तिघांचं. आणि एकच देव तीन वेळी तीन रूपं घेतो, असंही नाही. आम्हाला लहानपणी बर्फ, पाणी, वाफ हा दाखला दिला जाई. तो चुकीचा आहे. तिसऱ्या शतकात सबेलियसचं नेमकं तेच मत मंडळीने नाकारलं होतं. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग घ्या: यार्देन नदीत येशू पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि आकाशातून पित्याची वाणी येतेय. तिघे एकाच क्षणी आहेत. वर्गात मी आता हाच प्रसंग सांगते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांना लिहिलेल्या पत्रांत त्रैक्याबद्दलच्या शंका न भिता मांडल्या. 'आम्ही सांगतो म्हणून मान' हे त्यांना चाललं नाही. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते १९२४ साली, त्यांच्या मरणानंतर, छापून झालं. तुम्हाला हा विषय पुढे वाचायचा असेल तर रमाबाईंची ती पत्रं मिळवून वाचा. तुमचे बरेचसे प्रश्न त्यांनी आधीच विचारून ठेवलेत.