खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग

प्रश्न : काळ्या मातीच्या प्लॉटवरचं, वीटकामाच्या भिंतींवर स्लॅब असलेलं जुनं बैठं घर घेतोय. कोपऱ्याजवळच्या खिडकीपासून वर तिरकी भेग गेलीय. मालक म्हणतात, "गिलाव्याची आहे, पुट्टी मारून देतो." घर घ्यावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पुट्टी थांबवा. भेग बुजली की घर कुठं हलतंय हे कळायची सोयच जाते.

मालकांना विचारून भेगेवरचा तळहाताएवढा गिलावा काढा. खाली वीट आणि सांधे शाबूत असतील तर मालकांचं म्हणणं खरं. सांधे पायऱ्यांसारखे उकललेत किंवा वीटच चिरलीय, तर भिंत हललीय. मग भेगेची रुंदी वर आणि खाली मोजा. वर रुंद, खाली निमुळती असेल तर बहुधा बाहेरचा कोपरा खचतोय.

काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. म्हणून मे अखेरीस उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग बहुधा मातीमुळं असते. दोन्ही वेळा वाढतच गेली तर पाया खचतोय. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू ठोकून बसवा आणि त्यांतलं अंतर महिन्याला व्हर्नियरनं (मिलिमीटरचाही अंश मोजणाऱ्या मापकानं) मोजून तारखेसह लिहा. काचेची पट्टी चिकटवतात, पण ती फुटली तरी किती हललं ते सांगत नाही. थांबायला वेळ नसेल तर जुनी पुट्टी पुन्हा फाटलीय का बघा. तो पुरावा पुरेसा बोलका आहे.

कारण बहुतेक वेळा पाण्यात सापडतं. गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात सुटतोय का? बाथरूमच्या चेंबरचं पाणी बाहेर जायचं तोंड बंद करून तो पाण्यानं भरा, पातळीची खूण करा, काही तासांनी बघा. उतरली तर गळती आहे. पाइप गटारीपर्यंत न्या, जोत्याभोवती मीटरभर रुंद कोबा करा, बाहेर अडीच सेंटिमीटर उतार द्या. जवळ मोठं झाड असेल तर एकदम तोडू नका. मुळं पाणी ओढायची थांबली की माती फुगून जोतं उचलते.

हालचाल थांबल्यावरच दुरुस्ती : भेग व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरा, दोन्ही बाजूंना पंधरा सेंटिमीटर जाईल अशी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) बसवून गिलावा करा. भेग पाच मिलिमीटरच्या वर असेल किंवा दारं अडकत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल हातात येईपर्यंत विसार देऊ नका.