मॉडेलवरची कॅमोफ्लाज जाळी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मॉडेलचा रणगाडा सुबक रंगवून होतो, चिखल-धूळही मनासारखी बसते, आणि शेवटी टाकलेली जाळी सगळ्यावर पाणी फिरवते. या वेळच्या पत्रांत हीच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आली आहे, म्हणून हा अंक जाळीलाच दिला आहे.

१:३५ प्रमाणातल्या शर्मन रणगाड्यावर गॉज बँडेजची जाळी टाकली. फेव्हिकॉल आणि पाणी लावून वाळवली, तर ती खळ दिलेल्या कापडासारखी ताठ राहिली. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाच्या) कडेला तर तंबूच झाला. कुठे चुकलं? (नाशिक)

चूक वजनाच्या हिशेबात आहे. दुसऱ्या महायुद्धातली खरी जाळी सुती दोराची असे आणि तिच्यात गोणपाटाच्या पट्ट्या ओवलेल्या असत. कोरडी असतानाच ती जड असे, भिजल्यावर तर विचारूच नका. असं जाळं स्वतःच्या भारानं रणगाड्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर लोळतं. आपण लांबी-रुंदी पस्तीस पटीनं कमी करतो, पण गॉजच्या धाग्याचा ताठपणा त्या प्रमाणात कमी होत नाही आणि वजन मात्र जवळपास नाहीसं होतं. त्यामुळे मॉडेलवरची जाळी आपसूक पडत नाही, तिला पाडावी लागते.

नवं गॉज आधी गरम पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून दहा मिनिटं भिजवा, खळबळून धुवा आणि वाळवा. त्यात खळ असेल तर ती निघून जाते. मग तुकडा सरळ न कापता तिरका कापा, म्हणजे धागे कडेशी ४५ अंशांत येतील. तिरक्या कापडाला झोळ चांगला पडतो, हे ब्लाऊज शिवणाऱ्या कोणालाही विचारा. शिवाय चौकोनी भोकं ताणली की शंकरपाळ्यासारखी होतात आणि बँडेजची ओळख पुसली जाते. कापायच्या रेषेवर आधी २ मिलिमीटर रुंद घट्ट फेव्हिकॉल लावा, तो पूर्ण वाळला की त्याच्या मधोमध कात्री चालवा, नाहीतर कडेचे धागे सुटत राहतात.

जाळी रंगवणं आणि पट्ट्या लावणं हे सगळं टेबलावरच उरकून घ्या. त्यानंतर रणगाड्यावर क्लिंग फिल्म गुंडाळा, तिला फेव्हिकॉल धरत नाही. जाळी साध्या पाण्यात भिजवून फिल्मवर ठेवा आणि ओल्या ब्रशनं कोपऱ्याकोपऱ्यात दाबा. टरेट आणि हल (खालचं धड) यांच्या मधल्या खाचेत टूथपिकनं आत ढकला. हवा तसा आकार आला की मगच ड्रॉपरनं डिंकपाणी सोडा: एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि लिक्विडचा एक थेंब. हा थेंब विसरला तर पाण्याचा ताण मोडत नाही, भोकाभोकांत पडदा धरतो आणि वाळल्यावर तो काचेसारखा चमकतो. पडदा धरलाच तर ओलं असतानाच स्ट्रॉनं फुंकर मारा. एकास एक मिश्रण वापरलं असेल तर ताठपणाचं दुसरं कारण तेच.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. साधारण अर्ध्या-पाऊण तासानं जाळी बोटाला चिकटत नाही पण अजून वाकते, तेव्हा ती पुन्हा एकदा सगळीकडून दाबायची. पहिल्यांदा दाबलेली जाळी पाणी उडताना थोडी परत उठते आणि तंबू तिथेच होतो. लोंबणाऱ्या कडांना दर ३ सेंटिमीटरवर दोऱ्यानं मासेमारीचा शिशाचा मणी किंवा छोटा नट बांधून ठेवा, वाळल्यावर काढून टाका. रात्रभर वाळू द्या, पावसाळ्यात दीड दिवस. मग जाळी अलगद उचला, फिल्म सोडवा, जाळी परत बसवा आणि चार-पाच ठिकाणी फेव्हिकॉलच्या ठिपक्यांनी टेकवा.

पट्ट्या कशाच्या करायच्या आणि किती लागतात? (कोल्हापूर)

गोणपाटाची खरी पट्टी साधारण ५ सेंटिमीटर रुंद धरा. म्हणजे १:३५ मध्ये १.४ मिलिमीटर, १:४८ मध्ये १ आणि १:७२ मध्ये जेमतेम ०.७. दोन पदरी टिश्यू पेपरचा एकच पदर सोलून घ्या. तो बटर पेपरवर पसरा, डिंकपाण्यात अॅक्रिलिक रंग मिसळून ब्रशनं भिजवा आणि वाळू द्या. असा कागद चिवट होतो, तुटत नाही. स्टीलच्या पट्टीला लावून नव्या ब्लेडनं पट्ट्या कापा. ब्लेड जुनं असेल तर कागद कापला जाण्याऐवजी ओढला जातो.

आता हिशेब. १० गुणिले १० सेंटिमीटरच्या जाळीचा साठ टक्के भाग झाकायचा तर ६,००० चौरस मिलिमीटर भरायचे. ३० मिलिमीटर लांबीची एक पट्टी ४२ चौरस मिलिमीटर झाकते. म्हणजे दीडशेच्या आसपास, आणि पट्ट्या एकमेकींवर चढतात ते धरून दोनशे कापून ठेवा. टोकदार चिमट्यानं पट्टी एका भोकातून खाली, दोन-तीन भोकं सोडून वर, पुन्हा खाली अशी ओवा आणि टोकं लोंबती सोडा. दोनशे पट्ट्या ओवायला एक अख्खी सुट्टी जाते, पण जवळून पाहणाऱ्याला फरक तिथेच दिसतो. इतका वेळ नसेल तर निम्म्या ओवा आणि बाकीच्या वरून चिकटवा.

सगळीकडे सारख्या पट्ट्या ही नवख्यांची हमखास चूक. वर सपाट ताणलेल्या जाळ्यांत मध्यभाग दाट भरत आणि कडेकडे विरळ करत नेत, कारण दाट जाळीची कड जमिनीवर सरळ रेषेत सावली टाकते आणि विमानातून आधी तीच रेष दिसते. तेव्हा मधला भाग जवळजवळ बंद ठेवा आणि बाहेरच्या दोन सेंटिमीटरांत पट्ट्या तुरळक करत न्या.

मच्छरदाणीची जाळी चालेल का? १:७२ साठी काय वापरावं? (नागपूर)

मच्छरदाणी नको. नायलॉन डिंकही पीत नाही आणि रंगही. वाकवलं की उसळून सरळ होतं. १:७२ साठी ड्रेस मटेरियलच्या दुकानातलं सगळ्यात मऊ, बारीक भोकांचं नेट घ्या आणि ते निवडताना फुटपट्टी सोबत ठेवा: एका सेंटिमीटरमध्ये १२ ते १४ भोकं बसली पाहिजेत. हेही नायलॉनच असतं, म्हणून आधी प्लास्टिकवर धरणारा स्प्रे प्रायमर हलक्या हातानं मारा. या प्रमाणात ओवत बसू नका. रंगवलेल्या टिश्यूचे मिलिमीटरभराचे तुकडे चुरून डिंकपाण्यावर भुरभुरवा.

इन्स्टंट ग्लूनं जाळी पटकन चिकटते म्हणून तो वापरला, तर आजूबाजूचा रंग पांढरा पडला. (पुणे)

पांढरेपणा हे कमी नुकसान समजा. फेव्हिक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट सुती कापडात भराभर शोषला जातो आणि झपाट्यानं घट्ट होताना उष्णता सोडतो. थेंबभरानं नुसतं कोमट वाटतं, पण गॉजवर जास्त ओतला तर बोट भाजतं आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. गॉज, कापूस, सुती हातमोजे यांच्याजवळ ही बाटली आणूच नका, आणि लहान मुलं सोबत बसत असतील तर मुळीच नाही.

पांढरा थर त्याच वाफेचा असतो. ती आसपासच्या पृष्ठभागावर बसते. मॅट वॉर्निशचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा थर दिसेनासा होतो, नाहीतर तेवढाच भाग पुन्हा रंगवावा लागतो. फेव्हिकॉलची चमकही मॅट वॉर्निशनंच जाते. मात्र वॉर्निश ढगाळ, दमट दिवशी मारू नका, तेही पांढुरकं पडतं.

रंगाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. जाळीला घट्ट रंग लावला की भोकं बुजतात. अॅक्रिलिक एकास चार पाण्यात पातळ करून तिला त्यात बुडवा, टिपकागदावर टिपा आणि लोंबती वाळवा. ऑइल रंगाच्या गडद वॉशसाठी (खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगासाठी) मिनरल टर्पेंटाइन वापरा. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर नको. जाळीतून झिरपून तो खालचं पॉलिस्टायरिन (मॉडेलचं प्लास्टिक) विरघळवतो आणि जाळीचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटतो.

पानांसाठी वाळलेला चहाचा चोथा वापरला. दोन महिन्यांत बुरशी आली, मुंग्याही लागल्या. (रत्नागिरी)

चोथा दुधा-साखरेच्या चहाचा असणार. कोरी चहा पावडर घ्या, नुसत्या पाण्यात उकळा, पाणी ओता आणि असं तीनदा करा. उकळलं नाही तर चहाचा तपकिरी रंग वरच्या फिकट हिरव्यातून नंतर फुटतो. मग तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, अॅक्रिलिक रंगात घोळून वाळवा आणि जाळीवर बसवल्यावर वरून वॉर्निश मारा. रंगाचं कवच पूर्ण असेल तर कोकणच्या हवेतही टिकतं. तरी मॉडेल काचेच्या पेटीत ठेवा आणि सिलिका जेलची पुडी पावसाळ्याआधी बदला.

मात्र चहा म्हणजे झाडपाला, जाळीतल्या पट्ट्या नव्हेत. जर्मन रणगाड्यांवर नॉर्मंडीत १९४४ मध्ये फांद्याच्या फांद्या बांधलेल्या दिसतात, तिथे पानं शोभतील. गोणपाटाच्या पट्ट्यांच्या ब्रिटिश जाळीवर चहा भुरभुरला तर ती जाळी ब्रिटिश राहत नाही.

१९६५ च्या असल उत्तर लढाईचा देखावा करतोय: सेंच्युरियन रणगाडा आणि उसाचं शेत. जाळी रणगाड्यावर कशी पसरावी? (सातारा)

आमचं मत विचाराल तर पसरूच नका. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरणजवळच्या त्या लढाईत आपले रणगाडे उंच उसात दबा धरून होते आणि त्यांना झाकण्याचं काम ऊसच करत होता. अडीच ते तीन मीटरचा ऊस १:३५ मध्ये ७ ते ८.५ सेंटिमीटर येतो. इतका उंच ऊस लावला तर रणगाड्याच्या टरेटचा फार तर वरचा भाग दिसेल, आणि पाहणाऱ्याला तेच दाखवायचं आहे. शिवाय गोळीबाराच्या तयारीतल्या रणगाड्याचं टरेट फिरायला हवं. टरेटवरून हलपर्यंत ओढलेली जाळी ते अडकवते, दुर्बिणी आणि इंजिनाच्या झडपा झाकते.

त्यापेक्षा गुंडाळलेली जाळी टरेटच्या बाजूच्या पेटीवर किंवा मडगार्डवर बांधा. गुंडाळी ५ ते ६ सेंटिमीटर लांब आणि ८ ते १० मिलिमीटर जाड ठेवा. सगळी जाळी गुंडाळली तर लाटणं तयार होतं, म्हणून आत ओल्या टिश्यूची वळकटी घाला आणि बाहेरून जाळीचे दीड वेढे द्या. तीन ठिकाणी गडद दोरा इतका आवळा की तो आत रुतेल आणि दोन गाठींच्या मध्ये जाळी फुगेल. ओली असतानाच जागेवर दाबा, म्हणजे खालची बाजू चपटी होईल. गोल गुंडाळी वर ठेवल्यासारखी दिसते, चपटी गुंडाळी वजन सांगते. सेंच्युरियन प्रत्यक्ष पाहायचा तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. पेट्या, कड्या आणि हुक यांचे फोटो काढून आणा, दोरा कुठून कुठे जाईल ते त्यावरून ठरवता येईल.

आजच्या जाळ्यांवर पट्ट्या नसतात, पानांसारखे काप असतात. ते १:३५ मध्ये कसे करावेत? (ठाणे)

या जाळ्यांत दोराच्या जाळीवर पातळ कापडाचा किंवा प्लास्टिकचा अखंड थर असतो आणि त्याला अर्धगोल काप दिलेले असतात. जाळी ताणली की काप उघडतात आणि पाकळ्या बाहेर येतात. तोच मार्ग धरा. वर सांगितलेला रंगीत टिश्यू दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या हिरव्या छटांत रंगवा. २ मिलिमीटर व्यासाची पितळी नळी घ्या, तिच्या तोंडाची कड आतून कानशीनं धारदार करा आणि निम्मी कड घासून खाली घ्या, म्हणजे ठसा पूर्ण गोल न पडता अर्धगोल पडेल. कटिंग मॅटवर ओळीनं ठसे मारा, पण प्रत्येक ओळीत तोंड थोडं फिरवत राहा. दोन ठशांत मिलिमीटरभर तरी अंतर हवं, नाहीतर कागद चाळणीसारखा फाटतो.

ठसे मारलेला कागद गॉजवर फक्त ठिपक्यांनी चिकटवा, सगळीकडे डिंक लावला तर पाकळ्या मिटून बसतात. शेवटी जाळी दोन्ही तिरक्या दिशांना हळूच ताणा, पाकळ्या उभ्या राहतील. अशी जाळी रणगाड्याला चिकटून लोळत नाही. ती ५ ते ६ सेंटिमीटरच्या काठ्यांवर उचलून धरा, काठीच्या टोकाला एक सेंटिमीटरची प्लास्टिकची चकती लावा आणि कडा उतरत्या नेऊन जमिनीला खुंट्यांनी बांधा. काठ्यांची उंची मुद्दाम कमी-जास्त ठेवा.