कफाचं सिरप मेडिकलमधून आणून रोज घेतलं तर चालतं का? काही दुष्परिणाम असतात का?

असतात. आणि "सिरपनं काय हुतंय?" असं छातीठोक सांगणारा एक माणूस आमच्याच घरात आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आमचे आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सीझनला धुरळा छातीत बसायचा, खोकला महिनाभर. दोन वर्षांपूर्वी दाजींनी (एकेकाळी मेडिकलमध्ये कामाला होते, तेवढ्यावर अजून डॉक्टरकी चालू आहे) कफाची बाटली आणून दिली. आण्णांनी झाकणाने मोजून घ्यायच्या ऐवजी बाटलीच तोंडाला लावली. सकाळी घोट, दुपारी घोट, झोपताना दोन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा दिला, तर कप बशीवर तडतड वाजायला लागला. हात कापतोय, छातीत धडधड. बीपीचा माणूस. तसंच मिरजेला नेलं. डॉक्टरांनी आधी बाटलीच मागितली. घरून लेबलचा फोटो मागवला, मोठा करून वाचला: टर्ब्युटालिन. श्वासनलिका मोकळी करतं, पण हाताला कंप आणि धडधड हेही त्याचंच.

तेव्हा बाटलीचं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. अँब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही कफ सुटायला. त्यांनी सहसा मळमळ होते नाहीतर पोट बिघडतं, ग्वायफेनेसिनने चक्करही येते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकला दाबतं. कफ बाहेर काढायचाय, मग दाबता कशाला? डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय घेऊच नका. क्लोरफेनिरामिनने झोप येते, गाडी चालवू नका. फिनाइलेफ्रिनने बीपी चढतं. 5 मिली म्हणजे 5 मिलीच, घरातला चमचा नको.

पाच वर्षांखालच्या पोराला तर आपल्या मनाने थेंबही नको. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल असलेल्या सिरपने लहान मुलं गेली.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि सगळीच सिरपं वाईट असंही नाही; आण्णा अजून अँब्रोक्सॉल घेतात, पण लिहून दिलेलं आणि मोजून. रोज घ्यायचं म्हणत असाल तर खोकला किती दिवसांचा आहे ते बघा. दोन आठवड्यांवर गेला असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, फुकट होते. थुंकीत रक्त दिसलं किंवा दम लागला तर तेवढंही थांबू नका.

दाजींचं म्हणणं अजून तेच, आण्णांना त्या दिवशी चहा जास्त झाला होता. तो कप तर आण्णांच्या तोंडापर्यंतही गेला नव्हता.