वाचकांचे प्रश्न : देहबोलीचा सराव करूनही अवघडलेपणा का?

प्रश्न : संवादकौशल्याच्या एका प्रशिक्षणात आम्हांला सांगण्यात आले की, संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाज यांचा असतो आणि शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो. तेव्हापासून समोरच्याच्या नजरेला नजर देऊन बोलणे, हाताची घडी न घालणे, तो बसला असेल तसेच बसणे या गोष्टींचा मी नेटाने सराव करतो आहे. तरीही नव्या माणसांशी बोलताना माझे अवघडलेपण वाढलेच आहे आणि निरोप घेतल्यावर ती व्यक्ती काय बोलली हेही नीट आठवत नाही. असे का होत असावे?

उत्तर : तुमच्या अडचणीचे कारण तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. समोरची व्यक्ती बोलत असताना तुमचे लक्ष स्वतःच्या हातांवर, नजरेवर आणि बसण्यावर खिळलेले असते. साहजिकच तिचे बोलणे कानांवर पडते, पण मनात उतरत नाही.

आधी त्या टक्केवारीविषयी. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन छोट्या अभ्यासांतून ती आली. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, काही वेळा सोबत चेहऱ्यांची छायाचित्रेही दाखवली होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्याला ओळखायचे होते. भावना आणि आवडनिवड यांपलीकडच्या संवादाला हे सूत्र लावू नये, असे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलेले आहे. तरीही प्रशिक्षणवर्गांतून तो आकडा काही हलत नाही. तो सर्वत्र खरा असता, तर अनोळखी भाषेतले भाषण केवळ पाहून आपल्याला जवळजवळ पूर्ण कळले असते.

नजरेच्या बाबतीत तर तुमचा सराव नैसर्गिक क्रमाच्या उलट चालला आहे. सहज गप्पांमध्ये ऐकणारा माणूस बोलणाऱ्याकडे अधिक वेळ पाहतो. बोलणारा मात्र वाक्य जुळवताना नजर दुसरीकडे वळवतो आणि बोलणे संपत आले की पुन्हा समोर पाहतो. आता तुम्ही बोला, अशी ती मूक खूण असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पडद्यावरील व्यक्तीने किती वेळ आपल्याकडे पाहिलेले सुखद वाटते, असे लोकांना विचारले असता सरासरी उत्तर सुमारे ३.३ सेकंद आले. हा आकडा घड्याळ लावून पाळण्यासाठी नाही. पण एकटक पाहिल्याने विश्वास वाढतो ही समजूत त्यावरून सोडून द्यायला हरकत नाही. तेव्हा ऐकताना पाहा आणि बोलताना नजरेला मोकळी सोडा.

समोरच्यासारखे बसण्याविषयीही थोडे सांगायला हवे. टान्या चार्ट्रँड आणि जॉन बार्ग यांनी १९९९ मध्ये दाखवले की, माणसे नकळत एकमेकांच्या हालचाली उचलतात आणि ज्यांच्या हालचालींची अशी नक्कल होते, त्यांना तो संवाद अधिक सुरळीत वाटतो. मात्र त्या प्रयोगांत नक्कल होत असल्याचे समोरच्याच्या ध्यानात आले नव्हते. ठरवून केलेली नक्कल ओळखू आली, तर ती थट्टा वाटण्याचा धोका असतो, आणि तुमच्या पत्रावरून पाहता ती लपून राहत असेल असे मला वाटत नाही. हाताच्या घडीची चिंता सोडून द्या. माणसाला थंडी वाजत असेल, किंवा खुर्चीला हातच नसतील.

मग सराव कशाचा करावा? पुढच्या प्रश्नाचा. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जास्त प्रश्न विचारणारी, विशेषतः उत्तराचाच धागा पकडून पुढचे विचारणारी माणसे इतरांना अधिक आवडली. समजा, कोणी म्हणाले, “माझी नुकतीच दुसऱ्या विभागात बदली झाली.” त्यावर “माझीही झाली होती,” असे म्हटले की गाडी तुमच्याकडे वळते. “तिथे सर्वांत नवे काय वाटते आहे?” असे विचारले, तर त्या व्यक्तीला पुढे बोलायला वाट मिळते. असा प्रश्न सुचण्यासाठी ऐकावेच लागते, आणि मन लावून ऐकताना मान किंचित झुकणे, चेहरा बदलणे, अंग पुढे येणे हे बहुतेक वेळा आपोआपच घडते.

प्रश्न : बोलता बोलता शांतता पसरली की मी घाबरते आणि काहीतरी निरर्थक बोलून जाते. यावर काय करावे?

उत्तर : जगातील दहा भाषांच्या २००९ मधील तुलनात्मक अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे एक-पंचमांश सेकंद एवढेच आढळले. इतक्या वेगाची सवय असल्यामुळे दोन सेकंदांची शांतताही आपल्याला लांबलचक वाटते. प्रत्यक्षात समोरची व्यक्ती तेव्हा अनेकदा विचार करत असते, म्हणून एक श्वास घेऊन होईपर्यंत थांबा. पुष्कळदा तीच बोलू लागेल. न बोलल्यास, तिने आधी सांगितलेली एखादी गोष्ट पुन्हा काढा, “मघाशी तुम्ही म्हणालात ते मला अजून ऐकायचे आहे,” इतके साधे वाक्यही पुरते. शिवाय, पहिल्या भेटीनंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असे वाटते, त्याहून प्रत्यक्षात अधिक आवडलेलो असतो, असे २०१८ मधील एका संशोधनात दिसून आले आहे. त्यामुळे जी शांतता तुम्हांला रात्री आठवते, ती समोरच्याच्या लक्षातही राहिलेली नसण्याचा संभव बराच आहे.