तुमचा सवाल, आमचा जवाब

प्रश्न : ताई, यूट्यूबर रणवीर अलाहाबादियाने एक घाण जोक मारला तर पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण मोठे हिरो पानमसालावाल्यांची वेलची विकतात त्यांना कोणी काही बोलत नाही. हा कुठला न्याय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अहो बोलतात की, फक्त पुढे होत काही नाही! अक्षय कुमारने एप्रिल 2022 मधे विमल इलायचीच्या (त्याच नावाचा पानमसालाही आहे) जाहिरातीबद्दल माफी मागितली, मानधन चांगल्या कामाला देतो म्हणाला, पण करार असेपर्यंत जाहिरात दिसू शकते हेही त्याच पोस्टमधे होतं, म्हणजे बघा. रणवीरने फेब्रुवारी 2025 मधे तोंड उघडलं (जोक फालतूच होता, त्याची बाजू मी घेणार नाही), तर वेगवेगळ्या राज्यात एफआयआर, वर पासपोर्टही जमा करायला लावला. आता गंमत अशी की ग्राहक संरक्षण कायदा 2019 हिरो आणि इन्फ्लुएन्सर दोघांना सारखाच आहे, दिशाभूल करणारी जाहिरात केली तर 10 लाखांपर्यंत दंड, परत केली तर 50. पण शिवी लगेच व्हायरल होते हो, वेलचीच्या डबीमागचा पानमसाला कोण क्लिप करून फिरवणार?